लेनोरमाँच्या जोडातलं पस्तिसावं पान : कामाच्या नोंदी

18 मे 2025, रविवार

गेल्या आठवड्यात जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या जुन्या गावात त्रेंपेलमार्कट भरला होता. घरातलं जुनंपानं रस्त्यावर मांडून विकायचा हा इथला बाजार. तिथे भविष्य सांगायच्या पत्त्यांचा एक जुना जोड मिळाला. झाकण नसलेली पुठ्ठ्याची डबी, आत सुतळीने बांधलेली पानं. विकणाऱ्याने 35 युरो सांगितले, 28 ला दिला. "पूर्ण जोड आहे, छत्तीस पानं," असं तो म्हणाला. मी तिथेच उभ्याउभ्या मोजली. छत्तीस भरली. पैसे दिले.

आज जेवणाच्या टेबलावर नंबराप्रमाणे मांडायला घेतली आणि दहा मिनिटांत चूक कळली. एक ते चौतीस ओळीने लागली, मग छत्तीस, आणि पुन्हा छत्तीस. पस्तीस नंबर नाहीच.

एका छत्तिसावर क्रूस आहे आणि वरच्या बाजूला नखाएवढं एक खेळायचं पान छापलंय, किलवरची छक्की. दुसऱ्या छत्तिसावर असं छोटं पान नाही. चौकट वेगळी, कागद वेगळा, खाली जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात लिहिलंय 'होफनुंग, ग्रोसेस वासर'. म्हणजे 'आशा, मोठं पाणी'.

असा जोड घेणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट इथेच लिहून ठेवते: पानं मोजू नका, नंबर वाचा. मोजायला एक मिनिट लागतं, नंबर वाचायला तीन. ती दोन मिनिटं मी वाचवली आणि एका पानासाठी पुढचे तीन महिने जाणार असं दिसतंय.

कामं अशी ठरवली आहेत: हरवलेलं पस्तिसावं पान नव्याने करायचं. सत्ताविसावं (पत्र) मधोमध फाटलंय आणि कुणीतरी सेलोटेप लावलाय, ते सोडवायचं. चौदाव्याचा (कोल्हा) एक कोपरा पदर सुटून उमललाय, तो बसवायचा. बाकीची फक्त कोरडी स्वच्छ करायची.

20 मे

जोड कुठला आहे हे आधी पक्कं केलं. कारण चुकीच्या जोडाचं पान करून बसले तर सगळंच पाण्यात.

घोडेस्वार, तीनपानी गवत, जहाज, घर, झाड, ढग, साप, शवपेटी, फुलांचा गुच्छ, कोयता… हा क्रम 'छोट्या लेनोरमाँ'चा. नाव मारी आन लेनोरमाँ या पॅरिसमधल्या प्रसिद्ध भविष्यवेत्तीचं, पण हा जोड तिने केलेला नाही. ती 1843 साली वारली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिच्या नावाने हे पत्ते बाजारात आले. त्यांचं मूळ मी राहते त्याच गावात आहे. योहान कास्पार हेख्टेल नावाच्या पितळेच्या कारखानदाराने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी न्यूर्नबर्गमध्ये 'आशेचा खेळ' नावाचा घरगुती खेळ काढला. त्याचीही छत्तीस पानं, हीच चित्रं, हेच नंबर. फाशाने सोंगट्या पुढे न्यायच्या, आपल्या सापशिडीसारखा प्रकार. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात त्याचा एक जोड आहे आणि त्याची चित्रं संगणकावर पाहायला मिळतात. मी ती शेजारी उघडून ठेवली आणि एकेक पान ताडून पाहिलं.

जास्तीचं छत्तिसावं पान 'किपर' जोडातलं निघालं. हाही जर्मनच, म्युनिककडचा, 1890 च्या आसपासचा, सुझाने किपर या बाईच्या नावाने चालणारा. पानं छत्तीसच, पण पद्धत निराळी. लेनोरमाँच्या पानांवर वस्तू आणि प्राणी असतात, किपरच्या पानांवर माणसं आणि प्रसंग: मुख्य पुरुष, मुख्य स्त्री, खोटा माणूस, चोरी, तुरुंग, लांबचा रस्ता. प्रत्येकाखाली नाव छापलेलं.

आता या डबीतली गोष्ट उलगडते. लेनोरमाँचं पस्तिसावं पान म्हणजे जहाजाचा नांगर, आणि युरोपात नांगर ही आशेची खूण. किपरचं छत्तिसावं पान म्हणजे 'आशा, मोठं पाणी'. कधीकाळी या घरातला नांगर हरवला असणार आणि कुणीतरी दुसऱ्या जोडातली आशा आणून त्याच्या जागी ठेवली असणार. पान उगाच येऊन मिसळलेलं नाही, नीट विचार करून निवडलंय. हे लक्षात आल्यावर विकणाऱ्यावरचा माझा राग गेला. त्याला काय, मोजून छत्तीसच भरत होती.

25 मे

साफसफाई. साधनं: मऊ ब्रश, काजळी पुसायचा कोरडा रबरी स्पंज, खोडरबराचा कीस, दहापट मोठं दाखवणारं भिंग (14 युरो).

आधी भिंगाखाली पानं पाहिली. हा वेळ अजिबात वाया जात नाही. घोडेस्वाराच्या कोटाचा लाल रंग नुसत्या डोळ्यांना सपाट दिसतो. भिंगाखाली त्यात हाताने टिपलेले बारीक ठिपके दिसतात, कुठे दाट, कुठे विरळ, दोन ठिपके सारखे नाहीत. ही रंगीत शिळाछपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके यंत्राने आखलेल्या जाळीत बसतात आणि चार रंगांचे मिळून छोट्या फुलासारखे गोल दिसतात. माझी पस्तीसही पानं हातच्या ठिपक्यांची आहेत. म्हणजे मधल्या काळात कुणी नव्या छपाईचं पान घुसवलेलं नाही.

आता चूक. एकतिसाव्या पानावर, सूर्यावर, किरणांना सोनेरी शाई आहे. त्यावर माशीच्या शिटेसारखा एक काळा ठिपका होता. कोरड्या रबराने हलेना म्हणून कापसाचा बोळा किंचित ओला करून फिरवला. ठिपका गेला, पण त्याबरोबर दोन किरणांचं सोनंही कापसावर आलं. ही सोनेरी शाई म्हणजे पितळेची पूड. तिला धरून ठेवणारा चिकटा इतक्या वर्षांत निकामी झालेला असतो, पाण्याचा हात लागला की ती सुटते. ते दोन किरण आता पिवळट दिसतात आणि तसेच राहतील. वरून नवं सोनं लावणार नाही, कारण नवं पितळ काही वर्षांत वेगळं काळवंडेल आणि डाग दुप्पट दिसेल.

ज्या पानावर सोनं असेल त्याला पाणी लावायचं नाही. ठिपका राहिला तर राहू द्यायचा. हे मला आधीपासून ठाऊक होतं, घाई झाली.

1 जून

पत्राचा सेलोटेप. जुना टेप पिवळा पडून काचेसारखा कडक झाला होता. ओढून काढला तर चित्राचा पदर घेऊन येतो, म्हणून ओढला नाही. लहान गरम स्पॅटुला टेपच्या पाठीवर पाच-सात सेकंद टेकवायचा, कडेची पट्टी किंचित सैल झाली की पातळ पात्याने उचलायची, दोन मिलिमीटर पुढे सरकायचं. चार सेंटिमीटरच्या टेपला दीड तास लागला. खाली उरलेला चिकटा क्रेप रबराने गोळा करून काढला. तेलकट पिवळा पट्टा कागदात मुरलाय, तो तसाच ठेवला. तो काढायला द्रावकं लागतात आणि ती स्वयंपाकघरात हाताळायची वस्तू नाही.

फाटलेला भाग मागून जपानी कोझो कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडला. पट्टी कात्रीने कापायची नाही, पाण्याची रेघ मारून फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोडाची धार पुढून उमटत नाही. टिपकागदात घालून वजनाखाली दोन दिवस.

कोल्ह्याचा कोपराही त्याच खळीने बसवला. हा पत्ता म्हणजे एकच जाड कागद नाही. पातळ कागद एकावर एक चिकटवून केलेला पुठ्ठा आहे, आणि उमललेल्या कोपऱ्यात तीन पदर स्पष्ट मोजता येतात. पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवलं.

9 जून, सोमवार

पेंटेकोस्टची सुट्टी. नांगराच्या पानावर वरच्या बाजूला कुठलं छोटं पान हवं, हा प्रश्न.

पहिला कच्चा आराखडा मी गेल्या आठवड्यातच केला होता आणि त्यात बदामची नव्वी काढली होती. माझा विचार असा होता: नांगर शुभ, बदाम शुभ, साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगणारे इस्पिकची नव्वी सगळ्यात वाईट मानतात, तेव्हा आशेच्या पानावर बदामच असणार. बदामाचे नऊ ठिपके काढण्यात एक संध्याकाळ घालवली.

आज सगळी पानं उचलून छोट्या पत्त्यांप्रमाणे चार ओळींत लावली. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर. छक्कीपासून एक्क्यापर्यंत प्रत्येकी नऊ, नऊ चोक छत्तीस. बदामची नव्वी घोडेस्वाराकडे आधीच आहे. बदाम पूर्ण, चौकट पूर्ण, किलवर पूर्ण. इस्पिकच्या ओळीत अठ्ठी आहे (बाग), दश्शी आहे (जहाज), मध्ये भोक. नांगराचं पान इस्पिकची नव्वी आहे, दुसरं काही असूच शकत नाही.

मग त्या चार ओळींकडे बघत बराच वेळ बसले. किलवरच्या ओळीत काय आहे? क्रूस, उंदीर, डोंगर, कोल्हा, अस्वल, चाबूक, साप, ढग. जोडातली जवळजवळ सगळी दुखणी तिथे, फक्त एक्क्यावर अंगठी. आणि इस्पिकची ओळ? मनोरा, पत्र, बाग, जहाज, मूल, गुच्छ, लिली, बाई. बाहेरचं जग, प्रवास, माणसांत मिसळणं. साध्या पत्त्यांच्या भविष्यात इस्पिक अशुभ, इथे किलवर अशुभ. हेख्टेलच्या खेळावर फ्रेंच आणि जर्मन दोन्ही पत्ते छापलेले होते. जर्मन पत्त्यांत किलवरच्या जागी ओकची बोंडं आणि इस्पिकच्या जागी पानं असतात. झाडाचं हिरवं पान कशाला अशुभ असेल?

ज्याला साध्या पत्त्यांचं भविष्य येतं तो हा जोड हातात घेऊन नव्वी म्हणजे मरण, दश्शी म्हणजे तुरुंग असं वाचायला लागला तर आशेला मरण म्हणेल. मीही आराखड्यात तेच केलं होतं, फक्त उलट्या बाजूने. दुसऱ्या पद्धतीचं ज्ञान इथे आणून ओतायचं नाही. जोडाला स्वतःचा हिशेब आहे आणि हरवलेलं पान तोच सांगतो.

अपुरा जोड हाताशी असेल तर हीच युक्ती वापरा. नंबर पुसले गेले असले तरी छोट्या पत्त्यांवरून काय हरवलंय ते नेमकं कळतं.

15 जून

चित्र. इस्पिकची नव्वी तयार करणं सोपं गेलं. जहाजावरची दश्शी 600 डीपीआयवर स्कॅन केली. दश्शीत दोन्ही बाजूंना चार-चार आणि मध्ये दोन ठिपके, नव्वीत मध्ये एकच, बरोबर मधोमध. दोन पुसले, एक मध्ये ठेवला. '35' मधला 3 चौतिसाच्या पानावरून आणि 5 पंचविसावरून. दुसरीकडचे आकडे टाकून पाहिले होते, लगेच परके दिसले. या छापखान्याचा 5 डोक्यावर लांब वळलेला आहे.

नांगर मात्र कुठूनच उचलता येणार नव्हता. तो हाताने काढला. समुद्र आणि आभाळ जहाजाच्या पानावरून घेतलं, म्हणजे त्याच पाण्याचा किनारा वाटेल. नांगर तिरका, एक टोक वाळूत रुतलेलं, दोराचं वेटोळं पायथ्याशी. बारीक निबने ठिपके भरत साडेपाच तास लागले. घट्ट रेषेने काढलेला पहिला नांगर टाकून दिला. बाकीच्या पानांत रेषा कमी आणि ठिपक्यांची छाया जास्त आहे, त्यात तो लोखंडी चिन्हासारखा दिसत होता.

एक सावधगिरी: स्कॅन करताना चित्र आरशासारखं उलटं होऊ देऊ नका. या पद्धतीत पान डोक्यावर उलटं आलं तरी अर्थ बदलत नाही, पण डावं-उजवं महत्त्वाचं आहे. ढगांची एक बाजू काळी असते आणि एक उजळ. माणसाच्या पानाकडे कुठली बाजू येते त्यावरून त्रास येतोय की सरतोय ते वाचतात. कोयत्याचं पातं कुठल्या पानाकडे रोखलंय तेही बघतात.

29 जून

पहिली छपाई. वाया गेली.

कॉपीच्या दुकानात पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर पातळ कागदावर पुढची आणि मागची बाजू छापून घेतली (चार प्रती, 12 युरो). मध्ये जाड कागद, दोन्हीकडे खळ, वजनाखाली एक रात्र. सकाळी वजन काढलं तर पान होडीसारखं वाकलेलं. पुन्हा ओलसर करून दाबलं, पुन्हा वाकलं. आठवडा याच्यात गेला.

कारण साधं होतं. कागदाचे तंतू एका दिशेने धावतात, बांधणीवाले त्याला ग्रेन म्हणतात. ओला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेत जास्त पसरतो आणि वाळताना जास्त आक्रसतो. माझ्या पुढच्या कागदाची ग्रेन उभी होती, मागच्याची आडवी, कारण दुकानदाराने कागद वाचवायला मागची बाजू फिरवून छापली आणि मी ते पाहिलं नाही. दोन बाजू दोन दिशांना ओढत होत्या. तिन्ही पदरांची ग्रेन एकाच दिशेत हवी, पानाच्या लांबीला समांतर. कागदाचा कपटा एका बाजूने ओला करा, ज्या अक्षाभोवती तो गुंडाळला जाईल ती ग्रेनची दिशा.

दुसरा दोष जाडीचा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून मायक्रोमीटर मागून आणला. जुनी दहा पानं मोजली, सरासरी 0.38 मिलिमीटर. माझं पान 0.46. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण पिसताना अंगठ्याला लगेच कळतं. आशेचं पान कुठे आहे हे बोटांना कळत असेल तर तो डाव कसला?

6 जुलै

आईशी व्हिडिओवर बोलणं झालं. माझं माहेर सावंतवाडीकडचं. तिकडची गंजिफा, गोल पानांचा दशावतारी खेळ, ती करताना चिंचोक्याची खळ वापरतात हे लहानपणापासून ऐकलेलं. आईला म्हटलं, "गेल्या वेळी तू चिंचोक्याची पूड दिली होतीस ती आहे अजून, तीच वापरून बघते." ती म्हणाली, "बघ बाई, पण ती खळ पिवळी वाळते. गंजिफेवर वरून रंगाचा हात असतो, तुझ्या कागदाखालून ती दिसेल."

दिसली. पातळ कागदातून चहाचं पाणी सांडल्यासारखा पिवळट रंग वर आला, आणि पान इतकं कडक झालं की वाकवलं तर मोडेल. गंजिफेच्या पानाला ताठपणा हवा, या पत्त्याला लवचिकपणा. गव्हाच्या स्टार्चवर परत आले.

आईने विचारलं, "पोपटवाल्या ज्योतिषाच्या पाकिटांसारखंच का हे?" प्रश्न चांगला होता. पोपट एक पाकीट ओढतो आणि त्या एका पाकिटातच सगळं लिहिलेलं असतं. इथे एक पान एकटं जवळजवळ काहीच बोलत नाही. पत्र म्हणजे पत्र, निरोप, कागद. शेजारी उंदीर आला तर तो कागद हरवणार किंवा कुरतडला जाणार, शेजारी अंगठी आली तर करारनामा. अर्थ दोन पानांच्या मधल्या जागेत असतो. आई म्हणाली, "म्हणजे समास सोडवल्यासारखं." अगदी तसंच. फरक एवढाच की आपल्या तत्पुरुषात मुख्य शब्द शेवटी येतो, राजवाड्यात वाडा मुख्य, आणि इथे बहुतेक जण पहिलं पान मुख्य धरतात, दुसरं त्याचं विशेषण. गेले दोन महिने मी जोड्या उलट वाचत होते ते या संभाषणानंतर कळलं.

13 जुलै

दुसरी छपाई. मधला कागद पातळ घेतला, तिन्ही पदरांची ग्रेन उभी, खळ दुधाएवढी पातळ, दोन्ही बाजूंना एकाच वेळी. टिपकागद पहिल्या तासात तीनदा बदलले, मग वजनाखाली सलग तीन दिवस, मध्ये उघडून बघितलं नाही. सपाट निघालं. जाडी 0.39.

मागची बाजू अजून खटकत होती. जुन्या पानांच्या मागे राखाडी ठिपक्यांची नक्षी आहे आणि हाताळून कडा मळकट झाल्यात. माझं पान पांढरंफेक. चहात बुडवायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, एका रद्द प्रतीवर करून पाहिला: डाग असमान, कागद फुगला. शिवाय चहा आम्ल आहे, कागदाला वर्षानुवर्षं खातो. ते सोडलं. पातळ जलरंगाचे हात, रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि किंचित काळा, कडेकडून आत, चार वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन. आता पालथं टाकलं तर मुलालाही ओळखता आलं नाही. त्याला पाच वेळा शोधायला लावलं, पाचही वेळा चुकला.

पुढची बाजू मुद्दाम थोडी ताजी ठेवली आहे. मागून फसवणं डावासाठी गरजेचं, पुढून फसवणं ही लबाडी. पुढच्या बाजूच्या तळाशी, दोराच्या वेटोळ्यात, भिंगानेच दिसेल इतक्या बारीक आकड्यांत 2025 घातलंय.

27 जुलै

इथल्या मराठी मंडळींत एक मैत्रीण बरीच वर्षं टॅरो वाचते. तिला पूर्ण जोड दाखवायला बोलावलं, कारण पान खरं ठरतं ते वाचणाऱ्याच्या हातात.

तिने पिसला, आठ-आठच्या चार ओळी आणि खाली चार अशी छत्तीसही पानं मांडली. या पद्धतीचा मोठा डाव असाच मांडतात. नांगर तिच्या समोर डोक्यावर उलटा आला. "उलटा नांगर म्हणजे आशा सुटली?" तिने विचारलं.

"अगं, इथे उलट-सुलट नाही. सरळ कर आणि बाईच्या पानापासून किती घरं लांब आहे ते मोज."

तिला ते पटायला वेळ लागला. शवपेटी आली तेव्हाही तिने टॅरोतल्या मृत्यूच्या पानासारखं 'जुनं संपून नवं सुरू होणं' असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. इथे शवपेटी म्हणजे आजारपण किंवा शेवट. त्यापलीकडे काय ते शेजारची पानं सांगणार. टॅरोच्या एका पानात उभं चित्र, पार्श्वभूमी, रंग, सगळ्याला अर्थ, आणि एक पान घेऊन तासभर बोलता येतं. लेनोरमाँचं पान हे नाम आहे. त्याला वाक्य लागतं.

बोलता बोलता 'पारंपरिक' शब्द निघाला. तिच्या मते टॅरो प्राचीन, हा जोड आधुनिक. पण टॅरोही उत्तर इटलीत पंधराव्या शतकात हात जिंकण्याचा खेळ म्हणूनच सुरू झाला. अठ्ठ्याहत्तर पानं, त्यांतली बावीस हुकमाची. त्याचं मूळ इजिप्तमध्ये आहे ही कल्पना 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने मांडली. भविष्यासाठीच बनवलेला टॅरोचा जोड एतैय्या या नावाने लिहिणाऱ्या आलिएतने 1789 मध्ये काढला. हेख्टेलचा आशेचा खेळ त्यानंतर दहाएक वर्षांनी आला. आणि ती वापरते तो, पामेला कोलमन स्मिथने चितारलेला जोड, 1909 चा आहे. माझी शिळाछपाईची पानं त्याच्याच आगेमागे जन्मलेली असतील. दोन्ही खेळच होते, दोन्ही भविष्यासाठी वापरले जाऊ लागले. फरक वयाचा नाही, वाचण्याच्या रीतीचा आहे.

तिने शेवटी एक चांगली खोट काढली. बाईचं पान आणि पुरुषाचं पान कुठल्या दिशेला बघतंय हे मी नोंदवलेलंच नव्हतं. या जोडात दोघंही उजवीकडे बघतात, म्हणजे शेजारी आले तरी कधी समोरासमोर येत नाहीत. सगळ्या पानांची दिशा आता वहीत टिपली आहे.

3 ऑगस्ट

मूळ खेळ खेळून पाहिला. सहा-सहाच्या सहा ओळी, दोन फासे, सोंगट्यांऐवजी शर्टाची बटणं, नाण्यांऐवजी चणे. मुलगा, मी आणि शेजारची दोन मुलं. तिसऱ्या घरात, जहाजावर, सोंगटी आली की ती थेट बाराव्या घरात पक्ष्यांकडे जाते, कारण हेख्टेलच्या नियमात हे जहाज कॅनरी बेटांना जातं. चौदाव्या घरातला कोल्हा भुलवून पाचव्या घरातल्या झाडाकडे मागे नेतो. पस्तिसाव्या घरात नेमकं थांबणारा सगळे चणे जिंकतो.

शेजारची धाकटी मुलगी तेहतिसाव्यावर होती, तिला दोन हवे होते आणि दोन्ही फाशांवर एकेक पडला. तिने किल्लीवरून बटण उचललं, मासे ओलांडून, नांगरावर जोरात आपटलं. माझा जीव वर आला. पान हललं नाही, वाकलं नाही, रंग निघाला नाही.

किपरचं पान ठेवून हा खेळ होऊ शकला नसता, त्यावर छत्तीसचा आकडा आहे. वाचायला मात्र ते चाललं असणार. हरवलेल्या नांगराच्या जागी ते आणणाऱ्याने हा जोड खेळायला नव्हे, वाचायलाच वापरला, असं आज खेळताना वाटलं.

10 ऑगस्ट

खर्च: जोड 28, भिंग 14, जपानी कागद आणि मधला कागद 19, स्टार्च 9, रबर आणि स्पंज साडेसहा, टिपकागद साडेअकरा, छपाई दोन वेळा मिळून 24. एकूण 112 युरो. स्पॅटुला, ब्रश आणि रंग घरात होते. वेळ 46 तास, त्यातले साधारण 15 बदामची नव्वी, उलटी ग्रेन आणि चिंचोक्याची खळ यांत गेले. नवा छापील लेनोरमाँ जोड दुकानात याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो, हे आधीच सांगायला हवं.

झाकणासाठी आम्लरहित पुठ्ठ्याची नवी पेटी केली, जुनी डबी तशीच आत बसेल अशी. सुतळी वापरायची नाही, तिने पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या कडा कापल्यात. त्याऐवजी कागदाचा रुंद पट्टा.

किपरचं पान वेगळं काढून ठेवायचं की विकायचं, यावर नवऱ्याशी बोलणं झालं. मी ते ठेवणार आहे, त्याच पेटीत, पातळ कागदाच्या पाकिटात, जोडाच्या खाली. पाकिटावर मऊ पेन्सिलने लिहिलंय: "हे पान या जोडातलं नाही. नांगर हरवल्यावर आधीच्या मालकांनी त्याच्या जागी ठेवलं असावं. 2025 मध्ये नवा नांगर केला. याला फेकू नये."

नव्या नांगराच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. उद्या सुतळीने कापलेल्या त्या दोन कडा घ्यायच्या आहेत, घोडेस्वार आणि क्रूस.